इनलाइन स्केटला घरी मोटर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना स्केटवर नीट थांबता येतं आणि ज्यांना ड्रिल, हॅक्सॉ आणि मल्टिमीटर हाताळायची सवय आहे, त्या नागपूरकरांसाठी हे पान आहे. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मोटर किती जोरात ओढते याला फारसं महत्त्व नाही, ती किती हळू जोर धरते याला आहे. पायाखालून चाक निसटलं की पाठ जमिनीवर आपटते, आणि त्याला पूर्ण सेकंदही लागत नाही.

खालचे सगळे आकडे संरक्षक साहित्य आणि बॅटरी धरून ७५ किलो वजनासाठी आहेत.

नेमकं काय बनवायचं?

डाव्या स्केटच्या मागे एक पाचवं चाक. मागच्या चाकाच्या अॅक्सलवर बिजागरीसारखा हलणारा अॅल्युमिनियमचा आर्म, आर्मच्या टोकाला १०० मिलिमीटरचं चाक, त्याला पट्ट्याने फिरवणारी छोटी ब्रशलेस मोटर, आर्मला खाली दाबणारी एक स्प्रिंग. बॅटरी आणि कंट्रोलर पाठीवरच्या सॅकमध्ये, वेगाचं बटण हातातल्या रिमोटवर. उजवा स्केट जसा आहे तसाच राहतो, कारण टाचेचा ब्रेक त्याच्यावर असतो.

मूळ मागच्या चाकालाच मोटर का जोडू नये?

जागा नसते. चाकाची जाडी २४ मिलिमीटर आणि फ्रेमच्या दोन पट्ट्यांमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एकदोन मिलिमीटर मोकळे. त्यात पुली बसत नाही. मोटरचं बाहेरचं कवच थेट चाकावर घासून फिरवायचा प्रकार सोपा दिसतो आणि चालतोही, पण त्यासाठी कवच बरंच दाबून धरावं लागतं. मग चाकाचं पॉलीयुरेथेन तापतं, त्याला तकाकी येते आणि धूळ-पाणी लागलं की सटकतं. पाचव्या चाकाचा आणखी एक फायदा आहे: काही बिघडलं तर दोन नट काढून आर्म बाजूला ठेवायचा आणि नुसते स्केट घालून घरी यायचं.

एकाच पायाला जोर मिळाल्यावर तोल जात नाही का?

मोटरचा पाय पुढे ठेवला तर जातोच. तो पाय पळतो आणि अंग मागे राहतं. मोटरचा डावा पाय अर्धं पाऊल मागे ठेवा, उजवा पुढे, दोन्ही गुडघे वाकलेले, नजर समोर. मग मागचा पाय शरीराला ढकलतो. ब्रेक लावायलाही उजवा पायच पुढे सरकवायचा असतो, त्यामुळे ही ठेवण दोन्हीला सोयीची पडते. पाय उचलून नेहमीसारखं ढकलायचं असेल तर आधी बटण सोडा. चाक हवेत असताना भर्रकन फिरतं, आणि तसंच जमिनीला टेकलं तर जोरात हिसका बसतो.

किती वॅटची मोटर लागते?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरीच कमी. गुळगुळीत डांबरावर ताशी १८ किलोमीटरला चाकांचा रोध साधारण ९ न्यूटन, हवेचा ८ न्यूटन. म्हणजे १७ न्यूटन गुणिले सेकंदाला ५ मीटर, जेमतेम ८५ वॅट. जागेवरून वेग घ्यायला आणि थोड्या चढाला जास्त लागतात, पण २५० वॅटच्या आसपास भागतं. दोन हजार वॅटची मोटर घेऊन उपयोग नाही, कारण जमिनीवरची पकड आधी संपते. पाचव्या चाकावर ८ किलोचा दाब असेल तर कोरड्या रस्त्यावर ४५ ते ५० न्यूटनपुढे चाक जागच्या जागी घसरायला लागतं.

घरात कूलरची जुनी मोटर पडली आहे. ती चालेल का?

नागपुरात हा प्रश्न येणारच. नाही चालणार. ती २३० व्होल्टच्या एसीवर चालणारी इंडक्शन मोटर आहे. तिला बॅटरीवर चालवायला पाठीवर इन्व्हर्टर घ्यावा लागेल, वजन फार होईल, आणि सुरुवातीचा जोर तिच्यात नसतोच. ई-रिक्षाची मोटर पायाला बांधण्याइतकी हलकी नाही. कॉर्डलेस ड्रिलची मोटर आर्मची चाचणी घ्यायला चालते, मात्र सलग काही मिनिटं भार दिला की तापते. गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल इंजिन मुळीच नको: तापलेला सायलेन्सर आणि पेट्रोल पायाजवळ, आणि पडल्यावर बंद करायला हात पोचत नाही.

सामान काय काय?

५०६५ आकाराची, १४० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १४० फेरे), हॉल सेन्सर (फिरणाऱ्या भागाची जागा ओळखणारा) असलेली ब्रशलेस मोटर. वजन साधारण ४०० ग्रॅम. व्हेस्क प्रकारचा, म्हणजे सेटिंग बदलता येणारा मोटर कंट्रोलर. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आणि रिसीव्हर. एचटीडी ५ एम (दर ५ मिलिमीटरला एक दात) जातीच्या दोन पुली, १५ दात आणि ३६ दात. ३०० मिलिमीटर लांब, ९ मिलिमीटर रुंद पट्टा. १०० मिलिमीटर, ८५ ए कडकपणाचं चाक आणि दोन ६०८-२आरएस बेअरिंग. ५ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियम पट्टी, ६०८२ ग्रेडची. एम ८ बाय ८० मापाचे १२.९ ग्रेडचे दोन अॅलन बोल्ट, नायलॉक नट, वॉशर, स्पेसर. मोटरसायकलच्या साइड स्टँडची स्प्रिंग. २० अँपिअरचा फ्यूज, एक्सटी ९०-एस (जोडताना ठिणगी न पडणारा) कनेक्टर, सिलिकॉन आवरणाची जाड वायर. आणि मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव). ते विसरू नका, एक थेंब पुरतो.

हे नागपुरात कुठे शोधायचं?

कनेक्टर, वायर, फ्यूज, हीट श्रिंक यासाठी सीताबर्डी. अॅल्युमिनियम पट्टी, चांगल्या ग्रेडचे बोल्ट आणि स्प्रिंगसाठी इतवारी. दुकानात बोल्टच्या डोक्यावर १२.९ कोरलेलं आहे का ते बघून घ्या, नुसतं "हाय टेन्साइल आहे" या शब्दावर घेऊ नका. पुली आणि स्पेसर हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला कुठल्याही लेथवाल्याकडून करून मिळतील. एकटी पुली करायला ते नाखूश असतात, म्हणून स्पेसरचं कामही एकदमच द्या. मोटर, कंट्रोलर आणि रिमोट ऑनलाइन मागवावे लागतात.

पुली थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लास्टिक वापरू नका. ते ६० अंशांच्या सुमारास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत तेवढं तापमान सहज होतं. नायलॉन चालेल, अॅल्युमिनियम सगळ्यात बरं.

आर्म कसा बनवायचा?

सगळी मेहनत इथेच आहे, घाई करू नका.

चार चाकी स्केटला ८० मिलिमीटरची चाकं आहेत असं धरू. मूळ मागच्या चाकाची त्रिज्या ४०, नव्या चाकाची ५०. दोन अॅक्सलमध्ये १०५ मिलिमीटर ठेवा, म्हणजे चाकांमध्ये १५ मिलिमीटर फट राहते. आर्मच्या दोन पट्ट्यांची जोडी एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी भोकं पाडा. वेगवेगळी पाडली तर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, चाक तिरकं बसतं आणि स्केट सतत एका बाजूला ओढतो.

दोन पट्ट्यांमधली आतली जागा ५६ मिलिमीटर हवी. हिशेब असा: चाक २४, एका बाजूला पुली १४, दुसऱ्या बाजूला तेवढाच स्पेसर १४, आणि दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर वॉशर. दुसऱ्या बाजूचा रिकामा स्पेसर फुकटचा वाटतो आणि बरेच जण तो गाळून आर्म अरुंद करतात. तसं केलं की चाक मध्यरेषेपासून सरकतं आणि बटण दाबलं की टाच वळते. चाक बरोबर मधोमधच हवं.

बिजागरीच्या टोकाला, म्हणजे मूळ अॅक्सलवर, फ्रेमच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना स्पेसर येतील. फ्रेमची बाहेरची रुंदी ३४ असेल तर प्रत्येकी ११ मिलिमीटर. तुमची फ्रेम कॅलिपरने मोजा, आमचा आकडा उचलू नका. अॅलन बोल्टचा गुळगुळीत भाग बेअरिंगखाली आला पाहिजे. आटे बेअरिंगखाली आले तर चाक लटपटतं. बिजागरीचा नट इतकाच आवळा की आर्म हाताने हलेल पण बाजूला डुलणार नाही.

३६ दातांची पुली चाकाच्या हबला एम ४ च्या बोल्टने जोडायची. बोल्ट हबच्या आऱ्यांमधल्या फटींतून काढा आणि पलीकडे ३ मिलिमीटरची गोल पाटी लावून आवळा. आऱ्यांना भोकं पाडू नका, तडे जातात.

मोटर आर्मच्या बाहेरच्या अंगाला, पायाच्या बाहेरच्या बाजूलाच बसवा. आतल्या बाजूला बसवली तर दुसरा पाय तिला अडखळणार. मोटरचा शाफ्ट पट्टीतल्या भोकातून आत येतो आणि १५ दातांची पुली मोठ्या पुलीच्या सरळ रेषेत बसते. शाफ्टचं टोक चाकाला लागत नाही ना ते हाताने चाक फिरवून बघा. ३०० चा पट्टा आणि हे दात धरले तर दोन केंद्रांमधलं अंतर साधारण ८४.५ मिलिमीटर येतं. मोटरची भोकं लांबट करा, म्हणजे पट्टा ताणता येईल.

स्प्रिंगचा दाब अंदाजाने ठरवू नका. स्केट घालून उभे राहा आणि दुसऱ्याला भाजीवाल्यांकडे असतो तसा लटकता काटा आर्मच्या टोकाला अडकवून वर ओढायला सांगा. चाक जमिनीवरून सुटतं तेव्हा काटा ७ ते ८ किलो दाखवायला हवा. कमी असेल तर चाक घसरेल, जास्त असेल तर टाच उचलल्यासारखी वाटेल. आर्मला वर आणि खाली साधारण १२ मिलिमीटरवर अडवणारा थांबा द्या.

या रचनेचा एक गुण सांगण्यासारखा आहे. बिजागरी पुढे, चाक मागे आणि मोटर आर्मवरच असल्यामुळे मोटर जोर लावते तेव्हा चाक आपोआप जमिनीत दाबलं जातं. ४४ न्यूटनच्या जोराला साधारण १७ न्यूटन जास्तीचा दाब मिळतो. मोटरने ब्रेक लावला की नेमकं उलट होतं, चाक हलकं पडून उचकतं. म्हणूनच या स्केटला मोटरचा ब्रेक ठेवायचा नाही.

वळताना आर्म जमिनीला घासेल का?

मोठ्या पुलीचा खालचा कडा जमिनीपासून साधारण २१ मिलिमीटर वर आणि मध्यरेषेपासून २६ मिलिमीटर बाहेर असतो. ३५ अंशांपर्यंत झुकलात तर हरकत नाही. त्याहून जास्त झुकणारे अॅग्रेसिव्ह वळण घेणार असाल तर आर्म काढूनच खेळा.

पट्टा मधेच टक-टक करून दात सोडतो. का?

बहुतेक वेळा ताण कमी असतो. दोन पुलींच्या मधोमध बोटाने दाबल्यावर पट्टा ३ ते ४ मिलिमीटर दबावा. फार ताणला तर मोटरचं बेअरिंग लवकर जातं. ताण बरोबर असूनही दात सुटत असतील तर पुली एका रेषेत नाहीत. पट्ट्याची कड बघा: एकाच कडेला धागे निघालेले आणि खाली काळी भुकटी साचलेली दिसली तर लहान पुली त्या बाजूला सरकवा.

बॅटरी कोणती?

१८६५० आकाराचे बारा सेल, सहा सिरीजमध्ये आणि दोन पॅरलल. २५०० मिलिअँपिअर-तासांचे, सलग २० अँपिअर देणारे सेल घेतले तर पॅक २२.२ व्होल्ट, ५ अँपिअर-तास, म्हणजे १११ वॅट-तास होतो. पूर्ण चार्ज २५.२ व्होल्ट. सोबत सहा सिरीजचं, ३० अँपिअरचं बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट). २ अँपिअरच्या चार्जरने अडीच ते तीन तास लागतात. सपाट रस्त्यावर ८ ते १० किलोमीटर धरा.

स्पॉट वेल्डिंग येत नसेल तर पॅक बांधून घ्या. सेलला थेट सोल्डरिंग गन लावू नका, आतला सील उष्णतेने खराब होतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

पॅक कडक प्लास्टिकच्या डब्यात, डबा सॅकमध्ये दोन खांद्यांच्या मधोमध, छातीचा पट्टा लावलेला. कमरेला बांधू नका. मागे पडताना पहिला मार कमरेच्या खालीच बसतो, आणि लिथियमच्या पॅकवर बसून आपटणं म्हणजे आगीला बोलावणं.

जुन्या लॅपटॉपचे सेल स्वस्तात मिळतात, ते वापरले तर?

नको. ते कमी करंटसाठी बनवलेले आणि निम्मे झिजलेले असतात. बटण दाबलं की व्होल्टेज खाली कोसळतं, कंट्रोलर बंद पडतो, आणि सेल तापत राहतात.

कंट्रोलरमध्ये काय भरायचं?

मोटर करंट १५ अँपिअर. या मोटरला दर अँपिअरमागे सुमारे ०.०६८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. पुलींचं प्रमाण २.४ आणि पट्ट्यातली घट धरून जमिनीवर ४४ न्यूटन येतात. पकडीच्या मर्यादेच्या थोडं खाली, हवं तेवढंच. मोटरचा ब्रेक करंट कंट्रोलर मान्य करेल तितका कमी, आणि रिमोटच्या मोडमध्ये ब्रेक बंद. बॅटरी करंट १२ अँपिअर.

वेगाची मर्यादा इलेक्ट्रिकल आरपीएमने (मोटरचे मिनिटाचे फेरे गुणिले ध्रुव-जोड्या) बांधायची. ताशी १८ किलोमीटरला १०० मिलिमीटरचं चाक मिनिटाला ९५५ वेळा फिरतं, मोटर २,२९२ वेळा, आणि सात ध्रुव-जोड्या असलेल्या मोटरला ते सुमारे १६,००० होतात. तेवढं भरा. पहिले दोन आठवडे ९,००० ठेवा, म्हणजे ताशी १० किलोमीटर.

जोर चढायला लागणारा वेळ १.२ सेकंद ठेवा. मूळ सेटिंगमध्ये तो बराच कमी असतो, आणि मागे पडणारे बहुतेक जण त्यामुळेच पडतात. बॅटरी कमी होण्याची सुरुवात २०.४ व्होल्टला, पूर्ण बंद १८.६ व्होल्टला. सुरक्षित स्टार्ट चालू ठेवा, म्हणजे बटण दाबलेलं असताना बॅटरी जोडली तरी चाक फिरणार नाही. रिमोटचा सिग्नल गेला तर करंट शून्य व्हायला हवा. हे घरीच, चाक हवेत धरून, रिमोट बंद करून तपासा.

वायर कशी न्यायची?

कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी, सॅकमध्ये. लांबवायच्या त्या मोटरच्या तीन वायरी. बॅटरीच्या वायरी लांबवल्या तर व्होल्टेजचे झटके बसून कंट्रोलर जळतो. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून हाताच्या अंतरात. मोटरच्या वायरी पायाच्या बाहेरच्या बाजूने, गुडघ्याशी आणि घोट्याशी थोडी ढील सोडून वेल्क्रोने बांधा. कमरेशी ओढलं की सुटेल असा कनेक्टर द्या. वायर तुटते ती घोट्याजवळच, कारण तिथे ती हजारो वेळा वाकते. मोटर अचानक गुरगुरायला लागली आणि जोर देईना झाली तर बहुधा तीनपैकी एक वायर आतून तुटली आहे, ताबडतोब थांबा.

थांबायचं कसं?

उजव्या टाचेच्या ब्रेकने. मोटर जोडायच्या आधी, नुसत्या स्केटवर, ताशी १८ किलोमीटरच्या वेगातून ८ मीटरच्या आत दहापैकी दहा वेळा थांबता आलं पाहिजे. खडूने दोन रेषा मारा आणि मोजा. नऊ वेळा जमलं तर मोटर अजून लावू नका. ब्रेकचं रबर खुणेपर्यंत झिजलं असेल तर आधी तेच बदला.

पहिली चाचणी कशी घ्यायची?

आधी स्केट उलटा धरून दहा मिनिटं चाक हळू फिरवा. मोटरला हात लावून बघा, हात ठेवता यायला हवा. मग एका पायाने ढकलून चालण्याच्या वेगाला या आणि त्यानंतरच बटण दाबा. जागेवर उभं राहून बटण दाबू नका. हेल्मेट, मनगट, कोपर, गुडघे, चारही संरक्षक. मनगटाचे तर नक्कीच, पडताना हातच आधी टेकतात.

सिमेंट रोडवर चालतं का?

चालतं, पण डांबरासारखं नाही. सिमेंटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे असतात. ताशी १८ किलोमीटरला तळपायाला दर सेकंदाला एकदा धक्का बसतो, आणि पृष्ठभागावरच्या बारीक खाचांनी आर्म सतत थरथरतो. नट ढिले होतात ते इथेच. सांध्यातलं भरण निघालेलं असेल तर ८० मिलिमीटरचं पुढचं चाक त्यात अडकू शकतं, म्हणून एक पाय थोडा पुढे ठेवून तिरकं ओलांडा.

उन्हाळा आणि पावसाळा?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, तेव्हा चार्जिंग रात्री किंवा पहाटे, फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर आणि कोणी जागं असताना. बाहेरून आल्याबरोबर तापलेला पॅक लावू नका. दुपारी डांबर मऊ होतं आणि चाकांना चिकटतं. सकाळी सातच्या आत काय ते उरका. पावसात हा स्केट बाहेर काढूच नका. ओल्या रस्त्यावर पॉलीयुरेथेनची पकड फारच कमी होते.

रस्त्यावर चालवता येईल का?

रहदारीच्या रस्त्यावर नाही. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरीवरच्या वाहनांना मोटार वाहन नियमांत सवलत आहे, पण ती ठरावीक दुचाकींना समोर ठेवून लिहिलेली आहे. घरी बनवलेल्या स्केटला ती आपोआप लागू होते असं समजू नका. सोसायटीचं मोकळं आवार, रिकामं पार्किंग, स्केटिंग रिंक, अशा बंदिस्त जागा परवानगी घेऊन वापरा. फुटाळा तलावाच्या काठी संध्याकाळी लहान मुलं आणि फुगेवाले असतात, तिथे तर नकोच. सेमिनरी हिल्सचा उतार मोहात पाडतो. टाचेचा एक ब्रेक तिथे पुरणार नाही.

दोन्ही पायांना मोटर लावली तर?

दोन मोटरचा जोर कधीच अगदी सारखा नसतो, पाय फाकतात किंवा जुळतात. शिवाय टाचेच्या ब्रेकची जागा जाते. एका पायावर शंभर किलोमीटर पूर्ण झाल्याशिवाय हा विचार करू नका.

प्रत्येक वेळी निघण्याआधी काय बघायचं?

आर्मचे दोन्ही नट, मोटरचे चार बोल्ट, पट्ट्याचा ताण, घोट्याजवळची वायर, ब्रेकचं रबर. बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे. जोरात पडला असाल तर घरी आल्यावर पॅकच्या सहाही जोड्यांचं व्होल्टेज मोजा. एखादी बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टपेक्षा जास्त खाली असेल तर तो पॅक चार्जरला लावू नका, बाल्कनीत मोकळ्या जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आणखी घसरलेली दिसली तर पॅक बाद.